खिडकीखालचा सराव

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणारे काका निवृत्तीनंतर ठाण्याला गोल्फ शिकायला जायचे. मग काकू अंथरुणाला खिळल्या आणि त्यांचं जाणं बंद झालं. तेव्हापासून ते रोज सकाळी आपल्या खिडकीखालीच सराव करायचे. छातीवरून आडवा टॉवेल घेऊन दोन्ही काखांत दाबून धरायचा, म्हणजे हात अंगापासून सुटत नाहीत, आणि गोल्फच्या काठीने चेंडू अलगद उचलून समोरच्या पत्र्याच्या बादलीत टाकायचा.

काकूंना पलंगावरून यातलं काहीच दिसत नसे. पण बादली वाजली की आतून आवाज यायचा, "पडला हो!" नाही वाजली तर, "अहो, परत मनगट मोडलंत!" फटका मारताना मनगट वाकू द्यायचं नाही, गोल्फमधलं तेवढंच त्यांना ठाऊक होतं. काका वर न बघता "हो गं" म्हणायचे आणि पुढचा चेंडू घ्यायचे. एरवी ते कुणाशी फारसं बोलत नसत.

ऐन उन्हाळ्यात काकू गेल्या. तेराव्यानंतर लगेचच काका पुन्हा खिडकीखाली दिसले, तेव्हा मला जरा विचित्रच वाटलं. जवळ गेलो, तर बादलीच्या तळाशी जुनी चादर घडी घालून ठेवलेली.

"आवाजाची कुणी तक्रार केली का?" मी विचारलं.

"नाही रे," ते म्हणाले. "बादली वाजली की ती काहीतरी बोलेल म्हणून मी थांबून राहतो. मग पुढचा चेंडू मारवतच नाही."