दादाच्या पिकअपचं इंजिन

फौजेत मी अठरा वर्षं गाड्याच दुरुस्त केल्या. भुताखेतांच्या गप्पा कुणी सुरू केल्या की माझं डोकं फिरतं. तरी दादाच्या पिकअपला आठ महिने मी हात लावला नव्हता. खोटं कशाला सांगू, भीती वाटत होती.

दादा, माझा थोरला भाऊ, कराडहून वडूजकडं येताना उतारावर स्टेअरिंगवरच गेला. शेजारी वहिनी होती. गाडी कुठंही न धडकता कडेला उभी राहिली. "झोपेत गेल्यावानी गेले. कायबी कळलं न्हाई त्यास्नी," असं वहिनीनं आईला सांगितलं, आणि आई त्या एका वाक्यावर जगत होती.

दहाव्याला कावळा शिवेना. आईला सांभाळीन, वहिनीला अंतर देणार नाही, मी हात जोडून सगळं कबूल केलं. कावळा फांदीवर बसून नुसता बघत राहिला. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. त्यात ओढून आणलेली पिकअप चालू होईना. झालं! याचा जीव गाडीत अडकलाय, असं गावानं ठरवून टाकलं. बॉनेट उघडायचं कुणाला सुचलं नाही. आई रोज टायरपाशी भाताचा घास ठेवू लागली.

मागच्या महिन्यात साताऱ्याहून गावी गेलो, तर आई म्हणाली, "जगाच्या गाड्या नीट केल्यास रं. भावाची तेवढी ऱ्हायली. ती चालू हुईल तवाच त्यो सुटंल."

वहिनी मधेच म्हणाली, "भंगारात देऊन टाका, भावजी. कशाला उकरताय?"

मला तिचा रागच आला. नवऱ्याची गाडी, आणि म्हणे भंगारात!

ट्रॅक्टरची बॅटरी जोडून मी आत बसलो. तंबाखूचा वास अजून होता. आरसा त्याच्या उंचीनं वळवलेला होता, तो मी हलवला नाही. मागं कुणीतरी बसलंय असं सारखं वाटत होतं आणि वळून बघायची छाती होईना. फौजी म्हणे!

किल्ली मारली. इंजिन जोरात फिरलं, पण पेटलं नाही. सायलेन्सरमधून धूर नाही, म्हणजे डिझेल पोचत नव्हतं. शिळं डिझेल काढून नवं भरलं, फिल्टर बदलला, फिल्टरवरचा हातपंप मारून नळ्यांत अडकलेली हवा काढली. तरी तेच. इंजेक्टरची नळी ढिली करून पुन्हा किल्ली मारली, तर नळी कोरडी ठणठणीत.

"आता माझाबी जीव घेतोस का रं दादा!" मी ओरडलो, आणि माझ्याच आवाजानं अंगावर काटा आला. ओट्यावर बसलेली आई माझ्याकडं बघत होती.

गाडी जुनी. बंद करायला डॅशबोर्डखालचा स्टॉपचा दांडा ओढावा लागतो. तो ओढला की तार पंपावरची पट्टी खेचते आणि डिझेल तुटतं. दांडा आत होता, म्हणजे चालूवर, म्हणून मी तिकडं बघितलंच नव्हतं. पण पंपावरची पट्टी बंदवरच अडकलेली होती. तार वाकडी झाली होती, म्हणून दांडा आत गेला तरी पट्टी सुटली नव्हती. रोजच्या ओढण्यानं अशी होत नाही. कुणीतरी सगळा जीव लावून ओढली होती.

मी तिथंच खाली बसलो. त्याला कळलं होतं. आपण चाललो हे कळल्यावर त्यानं पळती गाडी बंद केली होती, शेजारी वहिनी होती म्हणून. मला रडू आवरेना.

मग पट्टी मोकळी केली, तार सरळ केली, किल्ली मारली. भक्कन धूर सोडून इंजिन सुरू झालं. आईनं हात जोडले. "सुटला गं बाई माझा लेक! काय झालतं रं?"

"हवा धरली होती," मी म्हणालो.

वहिनी घरातून धावत आली. इंजिनाच्या आवाजात मला एकट्यालाच ऐकू येईल असं म्हणाली, "तार बघितली न्हवं तुमी?"

मी मान हलवली.

"दांडा मीच आत ढकलला. बोटं सुटत नव्हती त्यांची, एकेक करून सोडवली. शेवटपतोर माझ्याकडं बघत हुते. आईंना सांगू नका."

मी आईकडं बघितलं. ती अजून हात जोडूनच होती.

"आता बंद करा," ती म्हणाली. "मला ऐकवत न्हाई."

बंद करायला तोच दांडा ओढायचा होता. माझा हात पुढं होईना. शेवटी वहिनीनंच खिडकीतून हात घातला आणि ओढला.