तीन शिट्ट्यांचा कॉम्प्युटर

अप्पांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशापाशी तेलाचा डाग आहे. माझ्या वडिलांनी बेचाळीस वर्षं शिलाई मशिनं दुरुस्त केली आणि लांब नळीची तेलाची डबी कायम त्यांच्या खिशात राहिली. दाराची बिजागरी, छत्रीचा खटका, आईच्या चष्म्याची दांडी, आमच्या घरात कशालाच कुरकुरायची सोय नव्हती. "मी कुरकुरले तर मलाही तेल घालतील, म्हणून गप्प बसते," असं आई म्हणते. आई कधी गप्प बसलेली आम्ही पाहिलेली नाही, तो भाग वेगळा.

दोन वर्षांपूर्वी कपड्यांच्या कारखान्यातलं त्यांचं काम सुटलं. "मीच सोडलं," असं ते सांगतात आणि आम्हीही तसंच धरून चाललो. मग खिडकीपाशी बसून त्यांनी मशिनच्या एकेका भागाचं पेन्सिलीनं चित्र काढायला घेतलं. खाली बारीक अक्षरात टीप, मग स्कॅन, मग कॉम्प्युटरमध्ये. अशी दोनशे बारा चित्रं आत गेली, अठरा अजून बाकी होती. शिवणकाम शिकवणाऱ्या एका संस्थेच्या प्राचार्यबाईंच्या कानावर हे गेलं. त्यांनी निरोप पाठवला, सोमवारी सगळं छापून आणा, पसंत पडलं तर आठवड्यातून तीन दिवस तुम्हीच शिकवायला या. त्या दिवसापासून अप्पा पुन्हा रोज दाढी करायला लागले.

आणि नेमकी तेव्हाच फाइल उघडेना. कॉम्प्युटर माझ्या कॉलेजच्या वेळचा. शंभरेक चित्रं दिसली की त्याचं सगळं थिजायचं, माऊससुद्धा हलायचा नाही. मी म्हटलं, फाइलचे पाच भाग करू, काम होऊन जाईल.

"पुस्तकाचे तुकडे करतात का?" अप्पा म्हणाले.

झालं. या माणसाशी वाद घालण्यापेक्षा मेमरी वाढवणं सोपं, असं मला वाटलं. किती चुकलं माझं.

गुरुवारी मी मागच्या गल्लीतल्या कॉम्प्युटरवाल्याकडून मेमरीचं कार्ड आणून ठेवलं आणि बजावलं, मी ऑफिसातून आल्यावर बसवते. घरी येऊन बघते तर कॅबिनेट उघडून, कार्ड बसवून, पुन्हा बंदही झालेलं. "आयुष्यभर यंत्रांतच हात घातलेत मी," अप्पा म्हणाले. मी बटण दाबलं. पंखा घरघरला, पडदा काळाच राहिला आणि आतून तीन लांब शिट्ट्या आल्या.

"कुकर लावलाय का?" आईनं आतून विचारलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

नवं कार्ड काढलं, जुनं एकटं ठेवलं, कॉम्प्युटर चालू. नवं पुन्हा त्याच दुसऱ्या खाचेत घातलं, तीन शिट्ट्या. म्हणजे कार्डच खराब. शुक्रवारी मी दुकानात जाऊन कॉम्प्युटरवाल्याला असं काही फैलावर घेतलं, की बिचाऱ्यानं निमूट कार्ड बदलून दिलं. ते मी स्वतः बसवलं. अगदी अलगद आत गेलं, मला माझंच कौतुक वाटलं. बटण दाबलं. तीन शिट्ट्या.

शनिवारी मी रजा टाकली. कार्डाचे पितळी दात खोडरबरानं घासले. वायरी काढून पुन्हा लावल्या. जुनं इकडे, नवं तिकडे, मग उलट. आता तर जुन्या कार्डावरही कधी चालू व्हायचा, कधी नाही. दुपारी एकदा दोन्ही कार्डं चालली. मेमरी पूर्ण दिसली, फाइल उघडली, चित्रं भराभर यायला लागली. अप्पा खुर्ची ओढून जवळ आले. एकशे नव्वदाव्या चित्रावर पडदा निळा पडला आणि मग आपल्या त्याच तीन शिट्ट्या. मला रडूच यायचं बाकी होतं. अप्पा उठून खिडकीपाशी जाऊन बसले. शेवटची अठरा चित्रं घालायची राहिली होती आणि मध्ये एकच दिवस होता.

रविवारी सकाळी मी अख्खं कॅबिनेट उचलून दुकानात नेलं, मागोमाग अप्पा. भांडायची सगळी तयारी करून गेले होते. कॉम्प्युटरवाल्यानं झाकण काढलं, बॅटरीच्या उजेडात दुसऱ्या खाचेत पाहिलं, बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला.

"ताई, यात तेल आहे," तो म्हणाला.

मी वळून अप्पांकडे पाहिलं. ते खाचेत वाकून बघत होते. तेलावर धूळ बसून काळा राप धरला होता. अशी घाण त्यांनी लोकांच्या मशिनांतून बेचाळीस वर्षं खरवडून काढली होती. ते काय ते समजले.

"मीच घातलं," ते म्हणाले. "दोनच थेंब."

मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. तीन दिवस मी कुत्र्यासारखी राबतेय, रजा गेली, या माणसाला नाही नाही ते बोलले, आणि तुम्ही तिथे बसून बघत होतात. कॉम्प्युटर म्हणजे काय शिलाई मशीन आहे? दिसलं की घाल तेल. सांगितलं होतं ना हात लावू नका म्हणून? दुकानात आणखी एक गिऱ्हाईक उभं होतं, त्याचीही मला पर्वा राहिली नाही.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

"कार्ड आत जात नव्हतं," ते हळूच म्हणाले. "तासभर दाबत होतो. अंगठ्यात जोरच उरला नाही आता. कारखान्यातही शेवटी शेवटी स्क्रू पिळला जायचा नाही. म्हटलं, तेलानं सरकेल."

कॉम्प्युटरवाला खाली बघून ब्रश शोधायला लागला. मला माझी लाज वाटली. कार्ड अलगद गेलं म्हणून मी खूश झाले होते, पण ते अलगद का गेलं हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

त्यानं तेल काढायचं औषध लावून खाच दोनदा पुसली, हवेच्या झोतानं कोरडी केली आणि कार्ड माझ्या हातात दिलं. मी ते अप्पांपुढे धरलं. त्यांनी कार्ड खाचेत सरळ उभं केलं, वर अंगठा ठेवला आणि थांबले. मी त्यांच्या अंगठ्यावर माझा अंगठा ठेवून दाबलं. दोन्हीकडचे खटके टकटक बसले. चांगलाच जोर लागतो त्याला, खरं सांगते.

एकच छोटी शिट्टी आली आणि पडदा उजळला. संध्याकाळपर्यंत अठराच्या अठरा चित्रं आत गेली आणि आमचा प्रिंटर दोनशे तीस पानं ओकत बसला. अप्पा एकेक पान उजेडात धरून बघत होते. सोमवारी त्यांच्याबरोबर मीच जाणार होते.

"उद्या बाईंसमोर हे सगळं सांगत बसू नकोस," ते म्हणाले.

"तेलाचं? छे, कशाला सांगेन?"

"तेलाचं सांगितलंस तरी चालेल," अप्पा म्हणाले. "अंगठ्याचं नको."