दादाचा तळहात

माझा थोरला भाऊ टायरवाला. त्याच्या दुकानात दिवसभर पंक्चर, हवा, चाकांची अदलाबदल चालते. पण सुट्टीच्या दिवशी शर्यतीच्या ट्रॅकवर हौसेनं गाडी पळवायला येणारी मंडळी त्याला ‘तळहात’ म्हणून ओळखतात. फेऱ्या मारून गाडी ट्रॅकवरून आत आली की दादा वाकतो आणि तापलेल्या टायरला आतल्या कडेला, मधोमध आणि बाहेरच्या कडेला निमिषभर हात लावतो. मधला भाग जास्त तापला असेल तर हवा जास्त झाली. दोन्ही कडा तापल्या तर हवा कमी. एकच कड तापली तर चाक सरळ टेकत नाही, त्याचा कल बदलायचा. बाकीचे लोक यासाठी यंत्र वापरतात. दादा म्हणायचा, “पोराचा ताप बघायला आईला यंत्र लागतं होय?”

माझी लेक ट्रॅकवर जायचं म्हणाली तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. त्यात तिला हवे होते सगळ्यात मऊ, रस्त्याला डिंकासारखे चिकटणारे टायर. दादानं साफ नकार दिला.

“मामा, सगळे तेच लावतात!”

“सगळ्यांचे मामा वेगळे. ते टायर म्हणजे जावईबापू. तापल्याशिवाय कामाला लागत नाहीत आणि बिनसलं की न सांगता निघून जातात. तुला सध्या बडबडे टायर हवेत. पकड सुटायच्या आधी किंचाळतात ते. त्यांचं ऐकायला शीक, मग बघू.”

त्या एका उत्तरावर मी तिला परवानगी दिली. ती शिकली, आणि मग दादानंच आपल्या हातानं तिच्या गाडीला मऊ टायर चढवले. ती गाडी पळवत असताना मी ट्रॅककडे बघत नसे. दादाच्या तोंडाकडे बघत असे. ते शांत असलं की मीही शांत.

यंदा मात्र ती आत आली की कुरकुर करायची. “मामा, वळणावर पुढची चाकं ऐकतच नाहीत. गाडी बाहेर बाहेर जाते.”

दादा टायरला हात लावायचा. “थोडी हवा सोडू. होईल ठीक.”

होत नव्हतं. एकदा मी त्याच्या शेजारीच उभी होते. त्यानं हात ठेवला आणि उचललाच नाही. काहीतरी शोधत असल्यासारखा दाबून धरला. पाण्याची बाटली द्यायला गेले तर तळव्यावर टपोरा फोड.

“दादा, भाजलंय तुला!”

त्यानं स्वतःच्याच हाताकडे परक्याच्या हाताकडे बघावं तसं पाहिलं. मग मला गाडीच्या मागे नेलं. “साखरेच्या आजारानं बोटं बधिर झालीत. बरेच महिने झाले.”

“मग तू तिला सांगतोस ते काय?”

“अंदाज. इतक्या वर्षांची सवय आहे.”

“अंदाज? दादा, माझी पोर आहे ती!”

“आणि माझी कोण आहे?” तो उसळला. “तिला कळू देऊ नकोस गं. तिचा मामा म्हणजे हा हातच आहे.”

मी विरघळले नाही. म्हटलं, “तू सांग. नाहीतर मी सांगते.”

त्यानंच सांगितलं, मान खाली घालून. लेकीनं त्याच्या गळ्यात हात टाकले. “एवढंच ना? आपण ताप मोजायची सुई आणू. रबरात टोचायची, आकडा वाचायचा. तुम्ही फक्त चष्मा विसरू नका.”

सुई आली. बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा कितीतरी जास्त तापत होती. हवेचा दोष नव्हताच. चाकांचा कल चुकला होता. दादानं पट्टी बांधलेल्या हातानंच बोल्ट सैल करून तो बदलला. लेक पुन्हा ट्रॅकवर गेली आणि आली ती ओरडतच. “मामा, कसली चिकटलीय गाडी! इतके महिने आपण उगाच झगडत होतो!”

आपण काय बोललो ते तिला कळलंही नाही. दादानं मोठ्यानं टाळ्या वाजवल्या. मला हायसं वाटलं होतं, पण त्याच्या तोंडाकडे बघवेना.

त्यानंतर तो ट्रॅकवर आला नाही. कधी दुकानात माणूस नाही, कधी पाठ धरली. “मामा रुसले का गं आई?” लेक विचारते. रुसायला तो काय जावई आहे?

परवा मात्र ट्रॅकवर असताना त्याचा फोन आला. “आली का आत?”

“आत्ताच आली.”

“सुई काय म्हणते?”

मी आकडे सांगितले.

“झकास. सगळीकडे सारखंच की.” मग त्यानं आवाज जरा खाली आणला. “ऐक ना. तू जरा हात लावतेस? बाहेरच्या कडेला. लगेच काढ हं.”

मी वाकले. “चटका बसला रे.”

“हो, बसणारच. आणि रबर कसं आहे?”

“चिकट. बोटं काळी झाली.”

“एकदा आतून बाहेर बोट फिरव, मग उलटं. एका बाजूनं खरखरीत लागतंय? तसं असेल तर चाक तिरकं घासतंय.”

मी दोन्हीकडून बोट फिरवलं. “नाही. दोन्हीकडून सारखंच.”

“हं,” तो म्हणाला. “माझ्याही हाताला असंच लागायचं.”

फोनमध्ये त्याच्या मागून कुणीतरी हवा भरायला हाक मारली. “आलो, आलो,” म्हणत त्यानं फोन ठेवला.