जोत्यावरची लाल लाइन

‘लाइन’ हा इंग्रजी शब्द मी सारी नोकरी हातात धरून वावरलो. कालव्यांच्या आणि धरणाच्या मोजणीत माझे आयुष्य गेले. शब्दाचे मूळ मात्र निवृत्तीनंतर, भंडाऱ्याच्या वाचनालयातील एका जाड शब्दकोशात सापडले. लॅटिनमध्ये जवसाला जो शब्द आहे, त्यावरून जवसाच्या सुताला नाव पडले आणि सुतावरून रेघेला. ताणलेले सूत ही पहिली लाइन. रांग, रूळ, विजेची तार, कवितेची ओळ, माणसाचा धंदा, हे अर्थ मागाहून आले. मी शब्दकोश मिटला आणि बराच वेळ जागचा उठलो नाही.

आमच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, जवस होत असे. उभ्या धानात, जमीन ओली असतानाच, माझे थोरले बंधू ते फेकत. त्यांना मी दादा म्हणे. पौषात बांधी निळ्या फुलांनी भरे. आम्ही जवसाचे तेल काढले, चटणी खाल्ली. सूत कोणी काढले नाही.

धरणाचे पाणी कोठवर चढेल हे आखण्याचे काम आमच्या तुकडीकडे आले. त्यात आमचेही गाव होते. पद्धत साधी होती. यंत्रातून पातळी पाहायची, गेरूत भिजवलेले सूत भिंतीवर ताणायचे आणि सोडायचे. लाल रेघ उमटे. ज्या घराची जमीन रेघेखाली गेली, ते बुडणार. त्याला नव्या गावठाणात जागा. रेघ जोत्यावरच राहिली, भिंतीपर्यंत चढली नाही, तर घर वाचले.

दादांचे घर गावाच्या टोकाला, चढावर होते. पट्टी धरणारा गडी पाणी प्यायला गेला होता. दादा माझ्यामागे येऊन उभे राहिले.

“कोठवर येते, लहान्या?”

“भिंतीवर. जोत्याच्या वर हातभर.”

“मंग आमाले बी जा लागते?”

“लागते.”

त्यांनी भिंतीला हात लावला. “बापानं बांधलं हे घर. थोडी खाली नाही का होत, गा?”

“पाणी माह्यं आयकत नाही, दादा.”

“पाण्याचं मी पाहीन. तू तुह्यं सूत पाह्य.”

मी कोणाच्याही सांगण्यावरून रेघ हलवली नव्हती. त्या दिवशी हलवली. सूत जोत्यावर ताणले आणि सोडले. वहिनी दारातून पाहत होत्या. आमचे बोलणे त्यांच्यापर्यंत पोहोचले नव्हते.

गाव उठले. लोकांनी छपरांवरचे कवेलू उतरवले, दारे-खिडक्या नेल्या. शाळा गेली, एसटी गेली, विजेचे खांबही उपटून नेले. बांधी पाण्याखाली गेली. ते एक घर राहिले आणि त्यात दोन माणसे. मी महिन्यातून एकदा जात असे. वहिनी दर वेळी विचारत, “आमाले नव्या गावठानात कवा नेतीन, भाऊजी?” दिवस कलता दादा अंगणात बसून मध्येच “ओ” देत. हाक कोणी मारलेली नसे. वहिनी म्हणत, “कोन आवाज देऊन रायलं तुमाले?”

मग अतिवृष्टीच्या एका वर्षी पाणी घरात शिरले. चूल विझली, धान भिजले. चार दिवसांनी वरिष्ठ साहेब पाहणीला आले. मी त्यांच्या मागे उभा होतो.

“लाइन चुकली असेल तर फेरमोजणी मागा,” साहेब दादांना म्हणाले. “तुम्हालाही जागा मिळेल.”

दादांनी माझ्याकडे पाहिले नाही. “लाइन बरोबर हाय, साहेब. पाणीच चुकलं.”

साहेब हसले. फेरमोजणी झाली असती तर दादांना जागा मिळाली असती आणि माझी नोकरी गेली असती. हे आम्ही दोघे जाणत होतो. मी तोंड उघडले नाही. तेव्हाही नाही, आणि निवृत्त झाल्यावर, बोलण्याने माझे काही जाणार नव्हते तेव्हाही नाही.

दादा गेले त्याला दोन हिवाळे झाले. वहिनी आता कारध्याला लेकीकडे असतात. या वैशाखात मी घर पाहून आलो. दादा दर दिवाळीला जोत्यासकट चुना लावीत. लाल रेघ तेवढी सोडलेली होती. चुन्याचे इतके थर तिच्या दोन्ही बाजूंना चढले होते की ती खोल गेली होती. जोत्याच्या वर, भिंतीवर, गढूळ पाण्याचा डाग चुन्यातून फुटून आला होता. मी हात लावून पाहिला. हातभर.

तेथून कारध्याला गेलो. वहिनी चुलीवर जवस भाजत होत्या.

“वहिनी, ते घर लाइनीच्या खाली येत होतं, बुडणार होतं. मी रेघ खाली ओढली.”

जवस तडतडत होते. त्यांनी तव्यातला सराटा थांबवला नाही.

“त्यायले ठाऊक होतं?”

“त्यांनीच म्हटलं होतं.”

त्यांनी तवा उतरवला. थोडे जवस करपले होते. ते बोटाने निवडून बाजूला काढले.

“चवदा वर्षं,” त्या म्हणाल्या. “मी त्या घरी चवदा वर्षं कोनाची वाट पाहत होती, भाऊजी?”

त्यांनी पाट सरकवला आणि माझे ताट वाढले.