यष्टीतली म्हैस

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वाकडं आहे. माझी शाळा चौथीतच सुटली. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. पण आमच्या धाकट्या भावजींइतकं लहान मूल मी जन्मात पाहिलं नाही, आणि तेव्हा ते चाळिशीचे होते. चालले की खिशातल्या गोट्या वाजायच्या. बशीतल्या चहावर फुंकरीनं लाटा काढायचे आणि सांडला की सासूबाई रागवायच्या आत स्वतःच भिंतीकडे तोंड करून बसायचे. मुलगी बघायला गेले तेव्हा तिला एकच विचारलं, "झाडावर चढता येतं का?"

दुष्काळात आम्ही जनावरं घेऊन सोसायटीच्या चारा छावणीत राहिलो. भावजी दर गुरुवारी नांदूरघाटला जाऊन दूध संस्थेच्या टीव्हीवर एक मालिका बघायचे आणि शुक्रवारी कडब्याच्या गंजीवर बसून आम्हाला सांगायचे. त्यातल्या चाळीस वर्षांच्या बाप्याला आई रोज दप्तर भरून द्यायची. त्यानं एकदा ढग पकडून रांजणात कोंडला, तर आई जेवताना वाटीवाटीनं गडगडाट वाढू लागली. त्याच्या म्हशीला यष्टीचा पास होता. एका भागात ती केजला उतरायची विसरून झोपूनच पुढं गेली, आणि तिथंच तो भाग संपला. चाऱ्याची गाडी न आलेल्या दिवशीही बाया डोळे पुसत हसायच्या. भावजींच्या भाड्यासाठी प्रत्येकजणी आठवड्याला रुपया द्यायची. मी पदराआड हसायचे.

म्हैस झोपली त्याच्या पुढच्या गुरुवारी सासूबाईंच्या औषधासाठी मीच नांदूरघाटला गेले. दूध संस्थेला कुलूप. दूधच नाही म्हणून ती कधीची बंद होती, टीव्हीही विकलेला. पायरीवर भावजी एकटेच बसून म्हशीच्या घोरण्याचा आवाज काढून बघत होते.

चारचौघांत कधी तोंड न उघडणारी मी, शुक्रवारी बोलले. "भावजी, तिथं टीव्ही न्हाईच की. कुलूप हाय."

"मंग आमचे रुपये कावून घेतले?" एकीनं विचारलं.

भावजी गंजीवरून उतरले. माझ्याकडं बघून एवढंच म्हणाले, "वहिनी, म्हस अजून यष्टीतच हाय."

मग ते चाऱ्याच्या गाड्या उतरवायला लागले आणि मजुरीतून एकेकीचे पैसे देत गेले. "पैशे राहू द्या, म्हशीचं काय झालं ते सांगा," बाया म्हणायच्या. ते नाही म्हणून मान हलवायचे.

सगळ्यांत शेवटी माझ्याकडं आले. चालताना गोट्या वाजल्या नाहीत. माझ्या हातावर नाणी ठेवून म्हणाले, "मोजून घ्या."

मी मोजली. माझे नऊ रुपये होते, नऊच्या नऊ भरले.