डोंगराकडची खोली

उशी अर्धी अभ्र्यात, अर्धी बाहेर, आणि चावीवाली वहिनी जागीच थबकलेली. "या खेपेला मी खाली येणार नाही," असं तिच्या सासऱ्यांनी नुकतंच जाहीर केलं होतं. इस्त्रीच्या चादरी द्यायला मी माडीवर गेले होते, म्हणून हे सगळं माझ्यासमोरच घडलं.

चावीवाली म्हणजे माझी शेजारीण. जुन्या गावातल्या आमच्या अरुंद फरसबंद गल्लीत तिचं दगडी घर आहे, वर लाकडी माडी. नवऱ्याचा कारखाना बंद पडला तेव्हा तिनंच हे घर सुट्टीवर येणाऱ्यांसाठी उघडलं. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा तेव्हापासूनचा. चादरी धुणं, जिना पुसणं, गळक्या नळाचा वायसर बदलणं, सगळं तीच करते. देवानं तिला दोनच हात दिलेत, याचं मला नवल वाटतं.

पाहुणे येतात ते माडीवरच्या या खोलीसाठी. खिडकी उघडली की समोर डोंगरच डोंगर. एरवी इथं सासरे असतात. हंगामात ते स्वयंपाकघरामागच्या खोलीत उतरतात, हंगाम सरला की पुन्हा वर. पण यंदा त्यांचा खुबा मोडला. दवाखान्यातून आणल्यावर हट्टानं खुर्चीत बसले आणि खुर्चीसकट उचलून वर आणायला लावलं. डॉक्टरांनी बजावलंय, आता खाली न्या आणि खालीच ठेवा.

"बाबा, अलगद उतरवतो तुम्हाला," त्यांचा मुलगा, म्हणजे वहिनीचा नवरा, म्हणाला.

"उतरवशील रे. चढवशील का पुन्हा? डॉक्टर काय म्हणाले ते मीही ऐकलंय. बहिरा नाही झालो अजून."

"पाहुणे डोंगर बघायला येतात हो."

"आणि मी काय शेजारची भिंत बघत मरू?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "भिंत तुमची चांगलीच आहे हो, रागावू नका."

मी मनात देवाचं नाव घेतलं. वहिनीनं अभ्रा पुरता चढवला, उशी सासऱ्यांच्याच डोक्याखाली सारली आणि ही खोली ठरवलेल्या पाहुण्यांना फोन लावला.

"माडीवरची खोली मिळणार नाही. खालची स्वच्छ आहे, पण तिथून डोंगर दिसत नाही."

"मग यायचं कशाला आम्ही?" पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला.

"खरंय तुमचं," म्हणाली आणि फोन ठेवला.

नवरा वैतागला. "आल्यावर बघू म्हणायचंस ना!"

"आल्यावर काय, डोंगर हलवून आणणार होतात?"

"अगं, हंगाम गेला हातचा."

"खालच्या दोन खोल्या आहेत. चालतील तशा चालतील. बाबा इथंच राहतील."

सासरे एवढ्यात झोपेचं सोंग घेऊन पडले होते.

वहिनी माझ्याबरोबरच खाली आली. न्हाणीघर, संडास सगळं खालीच. आजवर भांड्यावर भागवलं, पण कायमचं वर राहायचं तर तसं कसं चालेल? पायात चपला सरकवून ती निघाली, दवाखान्यासमोरच्या दुकानात कमोडची खुर्ची बघायला.