मोगरा लावलेली फुलदाणी

मावळातल्या कान्हे गावात आमच्या दारात मोगरा होता, तो निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या रुंद तोंडाच्या फुलदाणीत. आईने लोणावळ्याच्या एका बंगल्यात अनेक वर्षं स्वयंपाक केला. काम सोडताना तिथल्या बाईंनी ती फुलदाणी तिला दिली होती. उन्हाळाभर बुद्धवंदनेला त्याच मोगऱ्याची फुलं असत. आईला त्या फुलदाणीचा कोण अभिमान! माझा भाऊ मात्र एकदा तिला बोलून गेला, "अगं, जत्रंतला माल त्यो. बाईंना अडगळ हुती, दिली तुला."

त्या दिवशी आई नीट जेवली नाही. मला असा राग आला! त्यात मी मोबाईलवर जुनी भांडी ओळखायचे व्हिडिओ बघून अर्धी तज्ज्ञ झाले होते; शेजारणींच्या बरण्यासुद्धा उलट्या करून बघायचे. मोगरा बादलीत हलवला, फुलदाणी घासूनपुसून जुन्या साडीत गुंडाळली आणि आईला घेऊन लोणावळ्यातलं जुन्या वस्तूंचं दुकान गाठलं.

दुकानदाराने नक्षीवर भिंग धरलं. "छापलेली असती तर सगळी फुलं सारखी आली असती. ही हाताने काढलीत. एकही दुसऱ्यासारखं नाही."

मी ऐटीत आईकडे पाहिलं. मग त्याने फुलदाणी उलटी केली. बुडाची कड खरखरीत, बिनझिलईची. जुनेपणाची ती खूणही त्याला पसंत पडली. पण मधोमध बोट जाईल एवढं भोक होतं.

"हे कुणी केलं?" तो जवळजवळ ओरडलाच.

"म्याच पोराला पाडाया लावलं," आई म्हणाली. "पानी तुंबून मुळं कुजली असती न्हवं?"

त्याने कपाळाला हात लावला. "मावशी, अख्खी असती तर लाखभर सहज आले असते. आता कोण घेणार?"

इतके व्हिडिओ पाहूनही त्या भोकाचं मला काही वाटलं नव्हतं. कुंडीला भोक असायचंच!

आई मात्र पुढे सरकली. "म्हंजी बाईंनी दिली तवा अख्खी हुती. आन् खरी हुती?"

"अगदी खरी."

"मंग झालं." तिचा चेहरा असा फुलला की हळहळता हळहळता मला हसूच आलं. येताना लोकलमध्ये ती फुलदाणी मांडीवर घेऊन बसली, माझ्याकडे दिलीच नाही.

घरी पोचताच तिने भावाला हाक मारली आणि फुलदाणी त्याच्या हातात ठेवली. "धर नीट. बाईंनी मला खरी दिलती. चल, मोगरा लाव परत."